फ्रीजच्या उजेडात

गंगापूर रोड, नाशिक

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला येऊन गेलीस. खोली झाडताना पलंगाखाली वेफर्सची रिकामी पाकिटं सापडली, चौदा. आई चिडलेली नाही, घाबरली आहे. ती फोन लावत होती, मी अडवलं. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

सातपूरची नोकरी गेली त्या वर्षी, तुम्ही झोपलात की मी स्वयंपाकघरात जायचो. दिवा न लावता फ्रीजच्या उजेडात उभा राहून चिवड्याचे बकाणे भरायचो. सकाळी लाज वाटायची, मग नाश्ता नाही, दुपारी अर्धी पोळी. रात्री पुन्हा डबा. ती उपाशी दुपारच रात्रीचा डबा उघडायला लावते, हे कळायला मला सहा महिने लागले. तेव्हा शिक्षा म्हणून जेवण टाळू नकोस. एवढं एक तरी ऐक.

डॉक्टर म्हणाले होते, ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि जीभ गोड-तळलेलं मागते. झोप तुटली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. तू अभ्यासिकेतून रात्री दीडला परततेस. त्यात तुझ्या मनाचा कच्चेपणा कुठे आला?

पोटाची भूक हळूहळू चढते, तिला भाकरीही चालते. ही दुसरी एकदम येते आणि तिला वेफर्सच हवे असतात. मी स्वतःला विचारायचो, ‘आत्ता वरणभात दिला तर खाशील?’ ‘नाही’ आलं की चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचो. कधी ओसरायची, कधी नाही. नाही ओसरली तर दिवा लावून, ताटलीत काढून, बसून खायचो. चिवड्यात खोबऱ्याचे काप असतात, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं!

खरं तर ही सवय आमच्याच घरची. तू पडलीस की बिस्किट. आजी गेली तेव्हा तुला रडू न देता मी जिलेबी खायला नेलं होतं. आठवतं?

हे वरचेवर होत असेल, खाताना थांबताच येत नसेल किंवा नंतर मुद्दाम उलटी काढत असशील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आम्हाला सांगितलंच पाहिजे असं नाही.

पूर्वपरीक्षेच्या निकालाबद्दल तू काही बोलली नाहीस. आम्ही यादी पाहिली होती. तू सांगशील म्हणून गप्प राहिलो, ते चुकलं.

चिवडा पाठवावा की नाही, यावर आई दोन दिवस अडली होती. पाठवतोय. सोबत पिंपळगावची द्राक्षं आहेत, ती आधी संपवा, मऊ पडतील.

तुझे,
बाबा