पुडी घे, पण तिच्याकडून फार मागू नकोस

सदाशिव पेठ, पुणे

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट पाहिला. ड जीवनसत्त्व 11. वीसच्या खाली म्हणजे कमतरताच, त्यात वाद नाही. डॉक्टरांनी दिलेली साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, सांगितलेले सगळे आठवडे घे. उपाशीपोटी नको, हे मेदात विरघळणारं जीवनसत्त्व, म्हणून जेवणानंतर साईच्या दुधातून घे. आणि आठवड्याला एक म्हणजे एकच! औषधांच्या दुकानात काउंटरमागे असताना पाकिटावर ठळक लिहून देऊनही रोज एक फोडणारी गिऱ्हाइकं पाहिली आहेत. जास्तीचं ड सहजासहजी बाहेर पडत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

मावशीचा फोन आला होता. "डी कमी होतं म्हणून थकत होती, आता पळायला लागेल बघ." मी हो ला हो केलं नाही. ड भरून निघालं की हाडं-स्नायूंना बरं वाटेल, अंगदुखीही कदाचित कमी होईल. पण जुडीभर मेथी निवडली की दुसऱ्या दिवशी तुला उठवत नाही, ते दुखणं निराळं, ते तुझ्या क्रॉनिक फटीगचं, थोड्या कामानेही गळून टाकणाऱ्या आजाराचं. स्कॉटलंडमध्ये याच आजाराच्या 50 रुग्णांवर प्रयोग झाला, 2015 मध्ये छापून आला. काहींना दर दोन महिन्यांनी ड जीवनसत्त्वाचे एक लाख युनिट, बाकीच्यांना नुसतं दिखाऊ औषध. सहा महिन्यांनी थकव्यात फरक नव्हता. प्रयोग लहान होता, तरी मावशीच्या फोनपेक्षा मी त्याला जास्त मानतो. बरेचदा गाडी उलटीच असते: घरात पडून राहिल्यानेच ड घसरतं.

हिंजवडीतल्या तुझ्या त्या बंद काचेतून येणारं ऊन या कामी फुकट. लागणारे किरण काच अडवते. सरकतं दार उघडून गॅलरीत खुर्ची टाक, अकरानंतर थोडा वेळ हात-पाय उन्हात ठेव. ज्या दिवशी तेवढंही झेपणार नाही, त्या दिवशी राहू दे.

"रोज थोडं थोडं चालणं वाढव, पर्वती चढ" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. या आजारात ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा तो उपचार, डॉक्टरांना उपचारांच्या शिफारशी देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही 2021 मध्ये आपल्या शिफारशींतून काढला. अंगात जेवढं बळ तेवढंच काम, तेही मधे मधे आडवं होऊन.

आई गुरुवारी येते आहे, डबे घेऊन. तिला ओट्याशी एकटीला राहू दे. मदतीला उठलीस तर मला फोन येईल.

तुझे,
बाबा