अर्थमिती शिकायची तर गुळाच्या सौद्यात चला

मा. संपादक,
स. न.

एम.ए. अर्थशास्त्राच्या मुलांना अर्थमितीची, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या विषयाची, धास्ती असते. गाऊस-मार्कोव्हचा सिद्धांत, त्याची गृहीतकं, लघुतम वर्ग पद्धतीची सिद्धता हे सगळं मुलं परीक्षेपुरतं घोकतात. मुलं हुशार आहेत, गावाकडून एसटीने येऊन शिकतात. पण दोन वर्षांत खऱ्या आकड्यांचा एक तक्ता त्यांच्या हातून तपासून होत नाही, याचं मला एक शिक्षक म्हणून फार वाईट वाटतं. आणि आकडे तर कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात रोज तयार होतात.

गुळाचंच बघा. बाजार समित्यांची आवक आणि दर केंद्र सरकारच्या अॅगमार्कनेट या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. विद्यार्थी ते उतरवून घेईल, दर आणि आवक यांचं रिग्रेशन (एक आकडा बदलला की दुसरा किती बदलतो याचं गणित) चालवेल आणि मागणीची रेषा, म्हणजे कोणत्या दराला गिऱ्हाईक किती गूळ घेईल ते, मिळाली असं समजेल. ती मागणीची रेषा नसते. दर बरा दिसला की गुऱ्हाळवाला जास्त आधणं (रसाच्या कढया) काढतो, कारखान्याची पहिली उचल (उसाच्या पैशाचा पहिला हप्ता) कमी जाहीर झाली तर ऊस गुऱ्हाळाकडे वळतो. म्हणजे आवकेने दर हलतो आणि दराने आवकही हलते. मागणी आणि पुरवठा एकमेकांत गुंतलेले असताना साधं रिग्रेशन दोघांची खिचडी हाती देतं.

ती सोडवायला असं काही लागतं जे पुरवठा हलवेल, पण गिऱ्हाइकाच्या मागणीला थेट हात लावणार नाही. अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये अमेरिकेतल्या जवसाच्या बाजारासाठी हीच वाट काढली आणि त्यात एकरी उताऱ्याचा उपयोग केला. अशा घटकाला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल किंवा साधन म्हणतात. त्याची सुरुवात शेतमालाच्या भावातूनच झाली, हे आमच्या मुलांना कळलं पाहिजे.

आता कोल्हापूरचा महापूर घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगाकाठचा ऊस पाण्याखाली गेला. गुजरातच्या व्यापाऱ्याची गुळाची गरज त्याने बदलत नाही, म्हणून पूर हे चांगलं साधन वाटतं. पण शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, मग व्यापाऱ्यालाही झळ बसलीच की? यावर शिरोळ-करवीरचा मुलगा सांगेल की नवा गूळ दिवाळी पाडव्याच्या सौद्यापासून येतो, तोवर रस्ता केव्हाच खुला झालेला असतो. खरी अडचण दुसरीकडे आहे. पुराने साखरही घटली आणि महागली, तर काही गिऱ्हाईक गुळाकडे वळेल आणि साधन मागणीलाही शिवेल. मग साखरेचा दर समीकरणात घ्यायला हवा. शिवाय दोन पुरांवर निष्कर्ष काढता येणार नाही, अनेक वर्षांचा पाऊस आणि उसाचा एकरी उतारा जमवावा लागेल. हा वाद गणिताने मिटत नाही, त्याला ऊस आणि बाजार ठाऊक असलेलं माणूस लागतं. तसं माणूस आमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेलं असतं आणि आपल्याला काही येत नाही असं समजून गप्प राहतं!

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. ग्रेटल आणि आर ही आकडेमोडीची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि साध्या संगणकावर चालतात.

म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला माझी कळकळीची विनंती आहे. अर्थमितीच्या पेपरात सिद्धतांचे गुण थोडे कमी करून खऱ्या आकडेवारीवरचा एक प्रकल्प सक्तीचा करावा. तो मराठीत लिहायची मुभा असावी. साधन का निवडलं आणि ते कुठे फसू शकतं, याची तोंडी परीक्षा घ्यावी. त्या परीक्षेला बाजार समितीतला एखादा जुना अडत्या बोलावता आला, तर फारच उत्तम.

आपला,
अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक,
कोल्हापूर