प्रश्न विचारून थांबायला शिकते आहे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मुलं ऐकतात का गं तुझं?" घाईत "हो" म्हणून मोकळी झाले. खरं उत्तर आज लिहिते.

मुलं पहिल्यापासून ऐकत होती. वर्ग शांत, फळा भरलेला, "समजलं का?" म्हटलं की "हो बाई". मग चाचणीच्या वह्या तपासायला घेतल्या. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर तीन सप्तमांश! अर्ध्या वर्गाने वरचे वर, खालचे खाली मिळवले होते. त्या रात्री झोप लागली नाही.

एक ज्येष्ठ बाई माझ्या तासाला मागे येऊन बसल्या. म्हणाल्या, "प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस." मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले, तर उत्तरं मोठी येतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात.

तीनच सेकंद, पण सगळा वर्ग आपल्याकडे बघत असताना ते फार जड जातात. मी मनात आकडे मोजते. आता आधी प्रश्न, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे निवांत होतात. प्रत्येकाने पाटीवर लिहायचं, शेजारच्याला समजावायचं, मग सगळ्यांनी एकदम पाट्या वर करायच्या. कोण कुठे अडलंय ते तेव्हाच दिसतं. चुकलेल्यालाही विचारते, "कसं काढलंस?"

गेल्या आठवड्यात, वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी शेजारणीला सांगत होती, "अगं, दोन तृतीयांश अर्ध्याहून जास्त आहे, आणि तुझे तीन सप्तमांश अर्ध्याहून कमी. मिळवल्यावर कमी कसं होईल?" इतकं नेमकं मलाही सुचलं नव्हतं. तिलाच फळ्यापाशी बोलावलं.

आई, मला तेव्हा तू आठवलीस. गणित अडलं की तू उत्तर सांगायची नाहीस. हातातलं काम न थांबवता नुसतं "मग?" म्हणायचीस आणि वाट बघायचीस. मला किती राग यायचा! आता वर्गात तेच "मग?" माझ्या तोंडी असतं. तूही मनात आकडे मोजायचीस का गं? रविवारी फोन करते, तेव्हा सांग.

बाबा, डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा.

तुमची,
लेक