पालखीतळांवर प्रवाशांच्या तंबूंना जागा मिळावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्यातून स्वतःची गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांची लगबग सुरू होते. कोणी कोकणातून गोव्याकडे उतरते, कोणी समृद्धी महामार्गाने विदर्भ गाठते, तर कोणी पंढरपूर-विजापूरवरून बदामी-हंपीकडे जाते. आठ-दहा दिवसांच्या अशा प्रवासात सर्वाधिक खर्च मुक्कामावर होतो. तंबू, सतरंज्या, पांघरुणे असा सगळा जामानिमा गाडीत असलेल्या लोकांनाही, तंबू लावायला रीतसर परवानगीची आणि निर्धोक जागा मिळत नाही एवढ्याच कारणाने, सुट्टीत वाढलेल्या भाड्याने लॉजची खोली घ्यावी लागते. आम्ही कुटुंबीय गेली अनेक वर्षे असा प्रवास करत आहोत आणि ही अडचण दर खेपेस अनुभवत आहोत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तंबूतला मुक्काम म्हटले की पुणेकरांना पवना धरणाच्या काठावरचे कॅम्प आठवतात. अशाच एका जलाशयाकाठी आम्ही आमचा तंबू लावण्यापुरती जागा मागितली, तेव्हा जेवण, शेकोटी आणि संगीतासह माणशी ठरलेले पूर्ण पैसे भरल्याशिवाय जागा मिळणार नाही, असे उत्तर मिळाले. एका रात्रीच्या सहलीला ते ठीक असेल. पण दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाला हवी असते ती सपाट जमीन, पाण्याचा नळ, कडी लागणारे स्वच्छतागृह आणि रात्री हाकेच्या अंतरावर कोणीतरी जबाबदार माणूस. एवढ्यासाठी शंभर-दोनशे रुपये द्यायला कोणीही आनंदाने तयार होईल.

परदेशात ही सोय कायद्यानेच केलेली आढळते. अमेरिकेत केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाच्या बहुतेक मोकळ्या जमिनींवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत विनाशुल्क मुक्काम करता येतो. नॉर्वेमध्ये १९५७ च्या कायद्यानुसार राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर, मोकळ्या रानात तंबू लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आपल्याकडे हे जसेच्या तसे आणता येणार नाही आणि आणूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडची बहुतेक जमीन एक तर कोणाचे तरी शिवार असते किंवा वनखात्याची असते. राखीव वनात १९२७ चा वन कायदा आणि अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू असल्यामुळे तेथे परवानगीशिवाय मुक्काम हा गुन्हा ठरतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडालगत उघड्यावर झोपणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण. नदीचे कोरडे पात्र दिसायला कितीही सुंदर असले, तरी वरच्या धरणातून पाणी केव्हा सोडले जाईल याचा नेम नसतो. तेव्हा मिळेल तेथे तंबू ठोकण्याची मुभा द्यावी, असे माझे म्हणणे नाही.

सध्या आम्ही जागा कशी शोधतो, तेही सांगते. शेगावचे भक्तनिवास आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचे यात्रीनिवास या माफक दरातील आणि अत्यंत स्वच्छ सोयी आहेत, पण त्या त्यांच्या गावापुरत्या. राजमाचीच्या उधेवाडीत गावकरी अंगणात तंबू लावू देतात. आयओव्हरलँडर या अॅपवर प्रवाशांनीच नोंदवलेल्या जागा सापडतात, मात्र महाराष्ट्राच्या आडवाटांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. उरते ते गावात शिरून विचारणे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात आम्ही दिवेलागणीला असेच विचारत थांबलो होतो. देवळासमोर बसलेल्या आजी म्हणाल्या, “सभामंडपात नका झोपू, रातच्याला कुत्री येत्यात. शाळेम्होरं लावा तंबू, तिथं नळबी हाय.” थोड्या वेळाने पोलीस पाटील आले, त्यांनी वहीत गाडीचा क्रमांक आणि आमची नावे लिहून घेतली, स्वतःचा फोन नंबर दिला आणि शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली आमच्या हाती ठेवली. पैसे घ्यायला कोणीही तयार होईना, तेव्हा आम्ही देवळाच्या दानपेटीत आमच्या मनाने काही टाकले. त्या वहीतल्या नोंदीमुळे आम्हाला जेवढे निर्धास्त वाटले, तेवढे महागड्या हॉटेलातही कधी वाटलेले नाही. परंतु प्रत्येक प्रवाशाने रोज संध्याकाळी गावाच्या चांगुलपणावर विसंबून राहावे, ही व्यवस्था म्हणता येणार नाही. लहान मुले व वयस्कर माणसे बरोबर असताना अंधार पडेपर्यंत मुक्काम ठरलेला नसला की जिवाला घोर लागतो.

माझी सूचना अशी आहे की, या कामी पालखीतळांचा उपयोग करावा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवर वाल्हे, लोणंद, तरडगाव, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, तर तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर यवत, वरवंड, सणसर, निमगाव केतकी अशा गावांत मुक्कामाच्या जागा वर्षानुवर्षे ठरलेल्या आहेत. हे तळ गावाला लागून आहेत, तेथवर गाडी जाते आणि मुख्य म्हणजे हजारोंचा मुक्काम कसा सांभाळायचा हे त्या गावांना कोणी शिकवायची गरज नाही. आषाढवारीतल्या एक-दोन रात्री सोडल्या तर वर्षातला बराचसा काळ ही मैदाने मोकळी असतात. त्यांच्या एका कोपऱ्यात दहा-पंधरा तंबूंपुरती जागा आखून द्यायला मोठा खर्च येणार नाही. अडचण आहे ती स्वच्छतागृहांची. वारीत फिरती शौचालये आणली जातात आणि नंतर ती जातात, त्यामुळे बारमाही चालेल असा एक लहान शौचालयांचा संच व पाण्याची टाकी एवढे मात्र प्रत्येक ठिकाणी पाहावे लागेल. त्याची किल्ली आणि देखभाल गावातल्या महिला बचत गटाकडे दिली, तर प्रवाशाला गरम पिठलं-भाकरीही मिळेल आणि चार पैसे गावात राहतील.

तळ ही वारकऱ्यांची श्रद्धेची जागा आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून संबंधित पालखी संस्थान व ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत यांच्या संमतीनेच हे व्हावे आणि नियम कडक असावेत. मद्य, मांसाहार, ध्वनिवर्धक आणि शेकोटी यांना पूर्ण बंदी असावी, आपला कचरा ज्याने त्याने गाडीतून परत न्यावा, दोन रात्रींपेक्षा अधिक कोणी राहू नये, नोंद पोलीस पाटलांकडे व्हावी आणि आठवडे बाजार किंवा जत्रेच्या दिवशी तसेच संपूर्ण पावसाळ्यात ही सोय बंद ठेवावी. कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण राज्याने २०२१ मध्येच जाहीर केले असून त्यात अशी वाहने उभी करण्यासाठी कॅरॅव्हॅन पार्कचा विचार आहे. तंबूला त्याहून कितीतरी कमी लागते.

हे दोन्ही पालखीमार्ग पुणे विभागातल्याच जिल्ह्यांमधून जातात, त्यामुळे विभागीय आयुक्तांनी मनावर घेतले तर वेगवेगळ्या कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागणार नाहीत. सासवड-जेजुरी पुण्याला फार जवळ पडते, तेथे मुक्काम करायला सहसा कोणी थांबणार नाही. नातेपुते किंवा वेळापूर मात्र विजापूर-हंपीकडे जाणाऱ्याला आणि तिकडून परतणाऱ्याला नेमके वाटेवर येते. यंदा कार्तिकी एकादशीची गर्दी ओसरल्यावर होळीपर्यंत या दोन ठिकाणी प्रयोग करून पाहावा आणि तेथील स्थानिक स्वराज्य संस्थांचे दूरध्वनी क्रमांक, दर व नियम जाहीर करावेत. आपल्या दैनिकाने ही मागणी आयुक्तांपुढे मांडावी आणि त्यांचे उत्तर वाचकांना कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे