खुला फोन अडतो कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘माहिती न चोरणारा, खुला फोन आपले इंजिनिअर का बनवत नाहीत?’ अशा आशयाचं वाचकपत्र आपल्या अंकात वाचलं. महात्मा गांधी रोडवर अठरा वर्षं मोबाइल दुरुस्त करतोय, म्हणून चार शब्द.

सॉफ्टवेअर हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. लिनक्स ही कोणालाही वाचता-बदलता येणारी, म्हणजेच खुली प्रणाली आहे, अँड्रॉइडचा खुला गाभाही कोणालाही घेता येतो. गाडी अडते मॉडेमपाशी. टॉवरशी बोलणाऱ्या या भागाचा प्रोग्राम कुलूपबंद असतो, चिप कंपनीबाहेर तो कोणाला वाचायला मिळत नाही. बहुतेक फोनांत मॉडेम आणि मुख्य प्रोसेसर एकाच चिपमध्ये. घराला कितीही कुलपं लावा, एका खोलीची किल्ली दुसऱ्याकडेच.

अमेरिकेतल्या प्युरिझम कंपनीने लिब्रेम ५ या आपल्या खुल्या फोनमध्ये मॉडेम वेगळ्या कार्डावर बसवला आणि फोनच्या कडेला तीन खटके दिले. एक कॅमेरा-माइकचा, एक वायफाय-ब्लूटूथचा, एक मॉडेमचा. खटका पाडला की त्या भागाची वीजच तुटते. कारागीर म्हणून मला हे फार आवडलं. पण त्यासाठी लोकवर्गणी सुरू झाली २४ ऑगस्ट २०१७ ला (त्याच दिवशी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हा योगायोग), फोन मिळणार होता जानेवारी २०१९ मध्ये, आणि मोठं उत्पादन बाहेर पडलं नोव्हेंबर २०२० मध्ये. तोही जाडजूड. चिपची सविस्तर कागदपत्रं सहसा गोपनीयतेच्या करारावरच मिळतात, आणि काही हजार नग घेणाऱ्याला दारात कोण उभं करतो? गोपनीयता जपणारा फोन गोपनीयतेच्या करारापाशीच अडतो! पाइनफोन हा दुसरा खुला फोन १५० डॉलरच्या आसपास मिळायचा, पण त्याचा वेग म्हणजे चढावरची बैलगाडी.

आपल्याकडे आणखी एक मेख. गेल्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा जुन्या फोनवर गूगल काढून खुली प्रणाली टाकून आला. कॅमेरा धड चालत नव्हता, त्याचं त्याला काही नव्हतं. बॅटरी बदलून दिली, पैसे द्यायची वेळ आली, तर बँकेचं अ‍ॅप ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ म्हणून उघडेना. शेवटी मित्राने पैसे भरले. आठवड्याने येऊन पोराने मूळ सॉफ्टवेअर पुन्हा फ्लॅश करून घेतलं.

अशी अनेक अ‍ॅप फोन पास की नापास हे गूगलला विचारतात. गूगलचा शिक्का नसलेला फोन, मग तो कितीही जपून बनवलेला असो, नापास. पिंपळगावचा कांदा व्यापारी, ज्याचं निम्मं देणंघेणं यूपीआयवर, असला फोन कशाला घेईल? आणि गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर चिपवाला तरी कशाला विचारेल?

आयआयटी मद्रासच्या छत्राखाली २०२३ मध्ये भारओएस ही देशी मोबाइल प्रणाली आली तेव्हा टाळ्या वाजल्या. नव्या प्रणालीला टाळ्या मिळतातच. मला मात्र रिझर्व्ह बँकेकडून एवढंच हवंय: फोन तपासताना गूगलचा शिक्का हा एकच निकष बँकांनी धरू नये, असा आदेश काढावा. फोनच्या चिपकडूनच पडताळणी करून घ्यायची सोय अँड्रॉइडमध्ये आधीपासून आहे. बँकांनी ती वापरावी.

आपला,
एक मोबाइल कारागीर, नाशिक