साताऱ्याच्या फिजिओताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

उपचार संपले, फी दिली, निघताना 'थँक्यू'ही म्हणाले, पण तेवढ्याने मन भरलं नाही. हिल मॅरेथॉनचे दिवस जवळ आले की आपल्या गावात कितीतरी जणी नव्याने पळायला लागतात. त्यांच्याही वाचनात यावं म्हणून हे आभाराचं पत्र उघडच लिहिते आहे.

मीही नव्याने पळायला लागले आणि नडगी ठणकायला लागली, तेव्हा मला दोनच सल्ले मिळत होते. घरचे म्हणायचे, चाळिशीनंतर हे कशाला, गुडघे झिजतील, बंद कर. पळणारे म्हणायचे, मलम चोळ आणि पळत राहा, होईल सवय. नेमकं कुठे दुखतंय हे कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही पहिलं वाक्य तेच बोललात, "बोटाने दाखवा." मग घोट्यापासून वरपर्यंत नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबत गेलात आणि प्रत्येक ठिकाणी थांबून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंत. दुखणं चांगलं वीतभर पसरलेलं होतं. ते पाहून तुम्ही म्हणालात, हे शिन स्प्लिंट, म्हणजे पळण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला होणारं दुखणं, बरं होणारं आहे. हेच जर नाण्याएवढ्या एकाच जागी असतं, एका पायावर उडी मारताना तिथेच कळ आली असती, रात्री पडल्यापडल्याही ठणकलं असतं, तर हाडाला बारीक चीर असल्याचा संशय घ्यावा लागला असता. मग पळणं पूर्ण बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. अशी चीर सुरुवातीला साध्या एक्सरेत बरेचदा दिसतही नाही, हे मला तुमच्याकडूनच कळलं. एवढा फरक प्रत्येक नव्या पळणारीला ठाऊक असायला हवा असं मला फार वाटतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलीत, पाळी नियमित आहे का, आणि जेवणात काय असतं. आधी मला कळेना, पायाच्या दुखण्याशी पाळीचा काय संबंध? इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक कमी झालं की हाडांची घनता उतरते, आणि आमच्या वयात पाळी जाण्याचा तो काळ जवळ आलेला असतो, असं तुम्ही शांतपणे समजावलंत. आम्ही बायका हे आपणहून कुणाला सांगत नाही, ताई. तुम्ही विचारलंत म्हणून बोलता आलं.

दमाचं गणितही तुम्हीच उलगडलंत. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, स्नायूबंध आणि हाडं मात्र महिने घेतात. म्हणून छाती म्हणते अजून पळू आणि नडगी म्हणते पुरे. हे ऐकलं आणि माझा पायावरचा राग गेला.

यवतेश्वरचा घाट उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून यायच्या की घरातला जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. ती दुखापत नव्हेच, हे तुम्ही सांगितलंत. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जाता जाता शरीराचं वजन पेलतात, त्यामुळे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं आणि आपोआप उतरतं. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी निवत असेल तर हळू पळायला हरकत नाही. पळताना वाढत गेलं किंवा चाल लंगडी झाली तर तिथेच थांबून चालत घरी यायचं. हा नियम मी आता जो विचारेल त्याला सांगते.

बर्फाबद्दलही तुम्ही फार प्रामाणिकपणे बोललात. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र १९७८ मध्ये खेळाडूंच्या दुखापतींवर लिहिणारे अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी मांडलं, आणि २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं. म्हणून ठणका सोसवेना तेव्हा थोडा वेळ बर्फ, एरवी पाय हलता ठेवायचा. मशीन लावून मला वारंवार बोलावण्याऐवजी तुम्ही पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायला शिकवलंत, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, कारण पोटरीत वरचा आणि आतला असे दोन वेगळे स्नायू असतात. आता चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी माझं टाचा उचलणं चालू असतं. आणि एके दिवशी तुम्हीच म्हणालात, "आता यायची गरज नाही." पेशंट धरून ठेवावा असं तुमच्या मनातही आलं नाही, याचं मोल मला कळतं.

पावसाळ्यानंतर घोट्याच्या तोलाचे व्यायाम दाखवीन म्हणाला होतात, त्यासाठी येतेच आहे. सोबत धाकटी जाऊही येईल. तिला सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि ती पळणं सोडायला निघाली आहे. तिला थोडा वेळ द्याल ना?

तुमची,
यवतेश्वरच्या वाटेवरची एक नवी धावपटू