पोचा काढायला मेरठ कशाला?

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यातील बँडपथकांविषयी रकानेच्या रकाने छापून येतात. त्यांची वाद्ये कोण घडवतो आणि बिघडली तर कोण दुरुस्त करतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझे वडील बँडमध्ये युफोनियम हे फुंकून वाजवायचे मोठे पितळी वाद्य वाजवीत. तीन वर्षांपूर्वी मिरवणुकीच्या रेटारेटीत त्याच्या कर्ण्याला, म्हणजे पसरट तोंडाला, मोठा पोचा पडला. शहरातल्याच एका दुकानात तो इतक्या घाईने ठोकला गेला की पत्रा चिरला, आणि शेवटी मी स्वतः वाद्य घेऊन मेरठ गाठले.

तिथल्या जली कोठी भागात बँडची वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहेत. कर्ण्यासाठी पितळेचा पत्रा आकारात कापून त्याच्या कडा झाळतात, म्हणजे धातू वितळवून सांधतात, आणि लोखंडी साच्यावर चढवून ठोकत ठोकत त्याला घेर देतात. ठोकल्याने पितळ कडक होते आणि तसेच रेटले तर तडकते, म्हणून मधूनमधून ते तापवून नरम करावे लागते. आमच्या वाद्याचे नेमके इथेच बिनसले होते. तिथला म्हातारा कारागीर पितळेच्या बदलत्या रंगाकडे टक लावून बसे आणि क्षणात ज्योत बाजूला घेई. नळी वाकवायची तर आधी तिच्यात वितळलेली राळ भरतात, म्हणजे ती वळणावर चेपत नाही. नंतर तापवून राळ काढून टाकतात. सूर बदलण्यासाठी बोटांनी दाबायच्या पिस्टनचे काम सर्वांत नाजूक, कारण फट केसभर वाढली तरी हवा निसटते आणि कमी पडली तर पिस्टन अडकतो.

हे पाहताना मला सतत कसबा पेठेतील तांबट आळी आठवत होती. पेशवाईपासून तिथे तांब्या-पितळेचे काम चालते, आणि तापवणे, झाळणे, मठारणे (हातोडीने ठोके देणे) ही सारी कामे तिथल्या हातांत मुरलेली आहेत. पिस्टन तेवढा वेगळा शिकावा लागेल. बंब-घंगाळांची मागणी आटल्याने या घरांतील तरुण दुसऱ्या नोकऱ्या धरत असताना, त्याच शहरातील बँडवाल्यांनी एक पोचा काढण्यासाठी वाद्य उत्तरेत धाडावे, हे मला फार लागते.

शहरातील एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने तांबट आळीतील जाणत्या कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे आणि पितळी वाद्यांच्या दुरुस्तीचा सहा महिन्यांचा वर्ग सुरू करावा. सरावासाठी मोडकी वाद्ये बँडपथकांकडे धूळ खात पडली आहेतच. आमच्या घरातला जुना कॉर्नेट मी पहिल्या दिवशी आणून देईन.

आपला नम्र,
एक वाचक, कसबा पेठ, पुणे